युद्धफलकाची इस्त्री

माझे वडील बावीस वर्षं एका लाकडी फळीची राखण करत होते.

तसं दालन क्रमांक तीनमध्ये बरंच काही होतं. गंजलेल्या तलवारी, कुणाकुणाचे जोडे, एक शिंग. पण मधोमध, खास दिव्याखाली, काचेच्या पेटीत होती ती फळी. दीड हात लांब, वीतभर रुंद, पाठीवर कोरलेली फुलंच फुलं आणि एका टोकाला घोड्याच्या आकाराची मूठ. खाली पितळी पाटी: ‘युद्धफलक. रणांगणावर सेनापती हा फलक उंचावून सैन्यास आज्ञा देत असे. फुले ही हुतात्मा सैनिकांची प्रतीके होत.’

पाटी साहेबांनी लिहिली होती. साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. नावामागे दोन पदव्या आणि खिशाला तीन पेनं. त्यांनी या फळीवर ‘युद्धफलक: एक आकलन’ असं एक पुस्तकसुद्धा लिहिलं होतं. ते तिकीट खिडकीवर विकायला ठेवलेलं असायचं, आणि ठेवलेलंच असायचं.

बाबा त्या दालनाचे गार्ड. काम एकच, कुणाला कशालाही हात लावू द्यायचा नाही. ‘दोन फूट मागे, प्लीज’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की घरी पाहुणा टीव्हीच्या जवळ गेला तरी ते तोंडातून निघायचं. आईचं इस्त्रीचं दुकान आमच्या घराच्या खालीच होतं. एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, हँगरची दांडी, आणि कोपऱ्यात पाणी शिंपडायची बाटली. मी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. बाबांच्या त्या ऐतिहासिक दालनात आईने बावीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायची, “दिवसभर उभी असते मी. सुट्टीच्या दिवशी आणखी उभं राहायला कुठे जाऊ?”

झालं असं, की संग्रहालयाला कुठला तरी निधी मिळवायचा होता आणि अर्जात ‘प्रशिक्षित कर्मचारी’ असा एक रकाना होता. कर्मचारी होते, प्रशिक्षण नव्हतं. मग साहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने इंटरनेटवरचा ‘प्रेक्षकांशी वर्तन’ हा मोफत अभ्यासक्रम महिनाअखेर पूर्ण करून प्रमाणपत्र आणून द्यावं. मोफत या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

बाबांना फोनवरून फोन करता येत होता. त्यापलीकडे फोनला काही येत असेल अशी त्यांना शंकाही नव्हती. मी त्यांना अभ्यासक्रम लावून दिला. त्यात एक बाई सहा धडे हसत हसत सांगत होती, की प्रेक्षक दिसला की हसावं. बाबा चकितच झाले.

“बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नाही गं,” ते म्हणाले, आणि सराव म्हणून आईकडे बघून हसले.

आईने इस्त्री उभी केली. “दाढ दुखतेय का?”

प्रमाणपत्र मिळालं. गोष्ट तिथेच संपायची, पण प्रमाणपत्राच्या खाली एक ओळ होती: ‘तुम्हाला हेही आवडेल.’ बाबांना वाटलं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यांनी बोट लावलं. उघडलं ते कुठल्याशा दूर देशातलं संग्रहालय. चार लाख वस्तू, सगळ्यांचे फोटो, शिवाय व्याख्यानं, जुनी पुस्तकं, जुनं संगीत. सगळं फुकट.

“फुकट म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“फुकट म्हणजे फुकट, बाबा.”

“मग ते लोक खातात काय?”

पुढचे दोन दिवस ते मला तीन-तीनदा विचारत होते, की माझा कुठला नंबर तर त्यांच्याकडे गेला नाही ना. गेला नव्हता. मग त्यांना शोध लागला, की दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं. संपलंच. ज्या माणसाने आयुष्यभर जगाला दोन फूट मागे ठेवलं, तो आता घागरीच्या गळ्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा बघत होता. विणलेल्या शालीतला चुकलेला धागा बघत होता. आणि तिथे कुणी मागे व्हा म्हणणारं नव्हतं. म्हणणारा एकच होता आणि तो स्वतःच नाक लावून बसला होता.

माहिती परक्या भाषेत. फोन तिचं भाषांतर करून द्यायचा. ते भाषांतर म्हणजे आमच्या घरातली करमणूक झाली. ‘या भांड्याने राजा प्यायला.’ ‘ही टोपी विधवा होती.’ बाबा गंभीरपणे वाचून दाखवायचे. आई खालून ओरडायची, “दिवसभर म्युझियममध्ये बसता, घरी येऊन पुन्हा म्युझियमच बघता. हलवाई घरी येऊन मिठाई खातो का कधी?”

“मी तिथे म्युझियम बघतो कुठे? मी माणसं बघतो. त्यांचे हात बघतो.” हे मात्र खरं होतं.

सोमवारी संग्रहालय बंद असे. अशाच एका सोमवारी दुपारी बाबा जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली दुकानात आले. फोन दोन्ही हातांत धरलेला, तोंडचं पाणी पळालेलं. मी तेव्हा डबा घ्यायला आले होते.

“हे बघ,” त्यांनी फोन आईसमोर धरला. “आपला युद्धफलक.”

फळी तीच. म्हणजे हुबेहूब तीच नव्हे, पण बहीण शोभावी अशी. तीच फुलं, तशीच घोड्याची मूठ. खाली भाषांतर: ‘कपडे सपाट करणारी फळी. ओले कापड गोल दांड्याला गुंडाळून त्यावर ही फिरवतात. नवरदेवाने नवरीला द्यावयाची भेट. फुले: प्रेम.’

आईने हातातली कॉलर पूर्ण केली, मगच बघितलं. “मग? बरोबरच आहे. इस्त्री आहे ही.”

“अगं, सेनापतीची आहे!”

“सेनापतीच्या बायकोची असेल. खालची बाजू दाखवा.” खालच्या बाजूचाही फोटो होता. आईने बोट ठेवलं. “मधे किती गुळगुळीत झालीय बघा. कडा तशाच आहेत. घासून घासून होतं असं. लढाईत फळी नुसती उंचावतात ना? मग ती खालून कशी झिजेल? आणि हे कळायला एवढा फोन कशाला हवा? मला बोलावलं असतं एकदा.”

बाबा स्टुलावर बसले. बावीस वर्षं शाळेच्या सहलींना, पाहुण्यांना, एकदा तर एका मंत्र्याला त्यांनी हुतात्म्यांची फुलं दाखवली होती. मंत्र्यांनी दोन मिनिटं मौनही पाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फोन साहेबांपुढे धरला. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग सांगितला तो असा. साहेबांनी चष्मा वर केला, मग खाली केला, मग काढूनच ठेवला.

“हे कुठून आणलंत?”

“इंटरनेटवर आहे साहेब. फुकट आहे, कुणालाही बघता येतं.”

“तेच तर,” साहेब म्हणाले. “जे कुणालाही बघता येतं त्याला संशोधन म्हणत नाहीत. मी या फलकावर सहा वर्षं काम केलंय. सहा वर्षं! तुम्ही किती वेळ बघितलंत?”

“आज बावीस वर्षं झाली साहेब.”

यावर साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी एक दीर्घ वाक्य उच्चारलं, त्याचा सारांश असा, की प्रत्येकाने आपापल्या दालनात बसावं.

बाबा दालनात जाऊन बसले. पण आता पाटी वाचून कुणी मान डोलावली की ते दुसरीकडे बघायचे. एका मुलीने त्यांना विचारलं, “काका, सेनापती एवढी जड फळी उचलून धरायचा, मग तलवार कुठल्या हातात?” बाबा अभ्यासक्रमात शिकवल्याप्रमाणे हसले.

“त्या लोकांनाच विचारू या का?” मी म्हटलं. त्या परक्या संग्रहालयाच्या पानावर ‘आम्हाला विचारा’ असं लिहिलेलं होतं. बाबांच्या मते ते बोलायची पद्धत म्हणून लिहिलं असणार. आमच्या संग्रहालयातही सूचनापेटी होती; तिची किल्ली हरवल्याला नऊ वर्षं झाली होती. तरी मी बाबांकडून सगळं विचारून घेतलं आणि लिहिलं. फळीची मापं, लाकडाचा रंग, मुठीवर कुठे टवका उडालाय, कोपऱ्यात कोरलेली दोन अक्षरं आणि साल. बाबांना हे पाठ होतं. एकदाही हात न लावता पाठ होतं. खाली सही म्हणून त्यांनी लिहायला लावलं: ‘गार्ड, दालन क्रमांक तीन.’

दोन दिवसांत उत्तर आलं. पहिलेच शब्द: ‘आदरणीय सहकारी’.

बाबांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, “भाषांतर चुकलंय. तपास.”

मी तपासलं. चुकलं नव्हतं. दुसऱ्या एका भाषांतरातूनही तेच निघालं. पत्र पाठवणाऱ्या बाई त्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरजच पडली नाही. फळी कपड्यांचीच. दोन अक्षरं नवरा-नवरीची, साल लग्नाचं. सोबत एक मापांसकट आराखडा, एक छोटी फिल्म आणि एक प्रश्न होता: ‘तुमच्याकडे हिच्यासोबतचा गोल दांडा आहे का? तो सहसा हरवतो.’

बाबा खुर्चीतून उठलेच. “आहे! कपाट क्रमांक नऊ, खालचा कप्पा!”

कपाट नऊमध्ये साहेबांनी त्याला ‘शत्रूच्या डोक्यात घालण्याचा सोटा’ असं नाव दिलं होतं.

तो आराखडा बघून माझ्या मामाच्या हाताला खाज सुटली. मामा सुतार, आईचा धाकटा भाऊ. त्याने रविवारी बसून एक साधी फळी आणि एक दांडा करून दिला. फुलं कोरली नाहीत, म्हणाला, “ताईला मी प्रेम कशाला दाखवू, ती मारेल.” आईने फिल्म दोनदा बघितली, ओली चादर दांड्याला गुंडाळली, वर फळी ठेवली आणि दोन्ही हातांनी रेटली. पहिल्यांदा दांडा निसटून मामाच्या पायावर गेला. चौथ्यांदा चादर अशी निघाली, की आईने ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली.

“वीज गेली की बरी आहे,” ती म्हणाली. तिच्या तोंडून ही स्तुतीच.

मी त्या चादरीच्या प्रकाराची फोनवर फिल्म काढून त्या बाईंना पाठवली. बाबांनी इकडे ते पत्र छापून साहेबांना दिलं. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. ‘आदरणीय सहकारी’वर त्यांची नजर थोडी जास्त वेळ थांबली, असं बाबा म्हणाले.

“हे माझ्याकडे राहू दे,” साहेब म्हणाले आणि पत्र खणात गेलं.

तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात निमंत्रणपत्रिका छापून आली: ‘दीर्घ संशोधनांती एक क्रांतिकारक उलगडा. सादरकर्ते: साहेब.’ समारंभात बाबांनाही काम होतं. खुर्च्या मांडणे.

आई म्हणाली, “मी येणार.” बावीस वर्षांनी. इस्त्री केलेली साडी नेसून, हे सांगायला नकोच.

समारंभाला विश्वस्त होते, दोन वार्ताहर होते आणि पहिल्या रांगेत विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट. साहेब पाऊण तास बोलले. आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, म्हणाले. ‘युद्धफलक’ हा शब्द आपण मुद्दाम योजला होता, कारण गृहिणीचं जीवन हेही एक युद्धच असतं. या वाक्याला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आईने पदराने तोंड झाकलं. रडतेय की काय म्हणून मी बघितलं. रडत नव्हती.

मग प्रात्यक्षिक. हातात पांढरे मोजे घालून साहेबांनी फळी उचलली. टेबलावर दांडा ठेवला, दांड्यावर अध्यक्षबाईंचा रुमाल घातला. गुंडाळला नाही, नुसता पांघरला. आणि जोर केला. दांडा सुटला, टेबलावरून घरंगळला आणि तीन विश्वस्तांच्या पायांखालून दालनभर फिरत शिंगाच्या कपाटाला जाऊन धडकला. रुमाल साहेबांच्या हातात राहिला. साहेब दुसऱ्यांदा करू लागले, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, “माझा रुमाल परत द्या.”

“अहो, सरा जरा,” असा आवाज आला. आई उठून पुढे गेली होती.

बाबांच्या तोंडून सवयीने निघालंच, “दोन फूट मागे—” आणि आईने वळून त्यांच्याकडे असं बघितलं, की उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं.

आईने दांडा उचलून आणला. साहेबांच्या हातातून फळी घेतली, मोजे घेतले नाहीत. फुलदाणीत दोन बोटं बुडवून रुमालावर पाणी शिंपडलं, रुमाल ताणून गुंडाळला, एक हात घोड्याच्या पाठीवर, दुसरा पुढच्या टोकावर. रेटली. मागे आणली. लाकडावर लाकूड घरंगळत गेल्यासारखा आवाज झाला. दहा-बारा वेळा. मग रुमाल उलगडून तिने चार घड्या घातल्या आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिला.

“तुम्ही कुठल्या विभागाच्या?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“इस्त्रीच्या.”

अध्यक्षबाईंनी मान हलवली, जणू असा विभाग आपल्याकडे असल्याचं त्यांना ठाऊकच होतं. “आणि ही फुलं?”

आईने फळी उजेडाला धरली. कोपऱ्यातल्या दोन अक्षरांवरून तिचा अंगठा फिरला. “नवऱ्याने कोरलीत. लग्नाआधी. हौसेने कोरलीत हो, घाई कुठे दिसत नाही.” मग तिने फळी उलटी केली. “पण दिली काय, तर इस्त्री. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.”

अध्यक्षबाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. साहेबही हसले. एका वार्ताहराने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. त्यात साहेब होते, फळी होती आणि आईचं कोपर होतं. समारंभाच्या त्या गडबडीत एक गोष्ट फक्त मी बघितली. लोक पांगल्यावर बाबा फळीजवळ गेले, इकडेतिकडे बघितलं, आणि एका बोटाने घोड्याच्या मानेला हात लावला. मग तेच बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून उभे राहिले.

पाटी बदलली. ‘वस्त्र-समतलक. संशोधन: साहेब.’ पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि पहिलीच्या शेजारी ठेवलेली राहिली. बाबांना मेमो मिळाला: दालन क्रमांक तीनमधील वस्तूस एका अनधिकृत स्त्रीने उघड्या हातांनी स्पर्श केला, त्या वेळी आपण काय करत होतात? बाबांनी खुलासा लिहिला. “त्या वेळी मी अभ्यासक्रमात सांगितल्याप्रमाणे हसत होतो.” मी म्हटलं, असं नका देऊ. त्यांनी दिलं. त्यावर पुढे काही झालं नाही, कारण तोवर अध्यक्षबाईंनी आपल्या घरचे सगळे पडदे आईकडे पाठवले होते.

दरम्यान त्या परक्या बाईंचं उत्तर आलं. चादरीची फिल्म त्यांना फार आवडली होती. फळीच्या पानावर, सगळ्यांसाठी मोफत ठेवू का, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत एक अर्ज. त्यात नाव, आणि पुढे ‘व्यवसाय’. बाबांचं म्हणणं, ‘पारंपरिक वस्त्रतज्ज्ञ’ लिहावं.

“इस्त्री लिही,” आई म्हणाली.

“अगं, जगभर दिसणार आहे ते.”

“मग जगभर इस्त्री करत नाहीत का?”

इस्त्री लिहिलं. नाव घालायचं की नाही हा पर्याय होता. आईने नको म्हटलं. फिल्ममध्ये चेहरा नव्हताच. दोन हात, मामाची साधी फळी आणि चादर. वर्षभरात ती एवढ्या लोकांनी बघितली, की बाबा रोज सकाळी चहासोबत आकडा वाचून दाखवू लागले. आई म्हणायची, “एवढ्या लोकांना दुसरं काम नाही?” पण आकडा सांगायचा राहिला तर विचारायची.

परवा संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर साहेबांनी तीच फिल्म पाठवली. वर लिहिलं होतं: ‘सर्वांनी अभ्यासावी. परदेशातील कारागिराचे कौशल्य पाहा. असे सराईत हात आपल्याकडे कुठे मिळणार? अशा मोफत साधनांचा आपले कर्मचारी उपयोग करत नाहीत, हे खेदजनक आहे.’

बाबांनी फोन आईकडे नेला. अध्यक्षबाईंचे पडदे यंदाही आले होते; ती सातव्या पडद्यावर होती. तिने ते दोनदा वाचून घेतलं.

“काय उत्तर देऊ?” बाबांनी विचारलं.

“द्या ना. होय साहेब म्हणावं, अभ्यासतो.”

बाबांनी एकेक अक्षर शोधत तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं. आईने पडद्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. तो मोठा होता, घडीला दोन माणसं लागत होती.